पालू मिळाला की कळव

मोरेश्वर हा माझा शाळेपासूनचा एकुलता मित्र. त्याच्या शेवटच्या पत्राला मी तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. "सोबत गरीला लावायचे रबरी किडे पाठवतोय. त्यांच्यावर पालू मासा मिळाला की कळव, खायला येतो," असं त्याने लिहिलं होतं.

तेव्हापासून मी रोज भरतीला खाडीवर गरी टाकतो. मासेमारीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे किडा तळाला टेकू देतो, जरासा ओढतो, थांबतो. पालू शेपटी कुरतडून निघून जातो. मासाच नाही, तर कळवायचं काय? त्याचंही पुन्हा पत्र आलं नाही.

आज शेवटचा किडा बिनशेपटीचा वर आला, तेव्हा शेजारी गरवत बसलेल्या सावळारामला मी चाचरत सगळं सांगितलं.

"मास्तरांनू," तो दोरीवरची नजर न काढता म्हणाला, "तेंका पालूच खावचो असतो, तर बाजारात गावलो नसतो?"

घरी येऊन मी कार्ड लिहिलं, "पालू मिळाला नाही. किडे संपले. नवे घेऊन तूच ये." पोस्टाच्या पेटीपाशी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचावंसं वाटण्याआधी पेटीत टाकलं.