आधी थोपटा

बारामतीच्या दवाखान्यात खुर्चीत बसताच छकुलीनं तोंड घट्ट मिटलं. दातांच्या डॉक्टरांनी भुलीची सुई भरली, आजोबांनी तिचे हात धरले. "आ कर, मुंगी चावल्यावानी हुतंय." "खोटं बोलू नका, आबा!" छकुली हात सोडवून ताठ बसली. "आपल्या म्हशीला टोचायच्या आधी गुरांचे डॉक्टर तिची मान थोपटत्यात. ती हालतबी न्हाय. मी म्हशीपरीसबी हलक्या मोलाची हाय व्हय?" डॉक्टरांनी बाहेरच्या गर्दीकडं बघितलं, मग सुई ट्रेमध्ये ठेवली. हिरडीला बधिर करणारं मलम लावून दोन मिनिटं थांबले आणि बोटांनी गाल थोपटत हळूच टोचलं. दात निघाला. बाहेर एक चिमुरडी रडत होती. पुढचा नंबर तिचाच. छकुलीनं तोंडातला कापूस काढला, वाकड्या ओठानं डॉक्टरांना बजावलं, "हिलाबी आधी थोपटा. मी हितंच उभी हाय."