आजन्म हमी

“इथं चाकूच्या मालकांची सही लागते,” तपासनीस म्हणाला आणि त्याने फॉर्म काचेखालून परत सरकवला. “त्यांनी स्वतः यायला हवं.”

“ते नाही येणार,” बाई म्हणाली.

तिचा आवाज ऐकून तपासनीसाने जास्त विचारायचं टाळलं. फॉर्म ओढून घेतला आणि सहीच्या जागी रेघ मारली.

चाकू तिने रुमालात गुंडाळून आणला होता. घडीचा, जाड पात्याचा, बंदरावरचे लोक कमरेला लावतात तसला. तपासनीसाच्याच कारखान्याचा सगळ्यात दणकट माल. मुठीवर ‘आजन्म हमी’ कोरलेलं होतं.

“काय बिघडलंय?”

“उघडला नाही.” तिने रुमाल बाजूला केला. “टगबोटीवर जहाजं ओढायचं काम. दोराच्या वेढ्यात पाय अडकला, दोर ताणला गेला, माणूस पाण्यात ओढला गेला. दोर कापायला चाकू काढला, तर तो उघडलाच नाही.”

“असं कोण म्हणतं?”

“जे तिथं होते, ते.”

तपासनीसाने मान हलवली. “मग आता तुम्हाला भरपाई हवी आहे का?”

“खरं काय ते हवंय. चाकू उघडला असता की नसता, एवढंच. कागदावर लिहून द्या.”

त्याने पुढच्या गुरुवारची तारीख दिली.

कारखान्यात त्याला सगळे ‘काटा’ म्हणत. तराजूचा काटा. सत्तावीस वर्षांत त्याने कुणाच्या भिडेखातर एक ओळ लिहिली नव्हती. एकदा खुद्द मालकांच्या व्याह्यांचा चाकू आला, तेव्हाही ‘रंगाचा डबा उचकटताना मोडला, हमी लागू नाही’ असं लिहून तो मोकळा झाला होता. व्याही त्यानंतर मालकांच्या दिवाणखान्यात पाणीसुद्धा प्यायले नाहीत म्हणे.

त्याने चाकू पाचशे वेळा उघडला आणि मिटला. कोरड्या हाताने, ओल्या हाताने, तेलकट हातमोजा चढवून, मग डाव्या अंगठ्याने. दर वेळी पातं खटकन बाहेर आलं. त्याने स्क्रू काढून पातं सुटं केलं आणि स्प्रिंग भिंगाखाली धरली. तडा नव्हता, गंज नव्हता, मिठाचा एक कणही नव्हता. घरी आणल्यावर कुणीतरी नीट पुसून ठेवला असेल, असं त्याला वाटलं. पुन्हा जोडून दोन दिवस खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवला, उघड्या पात्यावर वजनं टांगली. चाकूने हूं की चूं केलं नाही.

बुधवारी त्याने रिपोर्टचा कागद पुढे ओढला. ‘दोष’ एवढं लिहिलं आणि त्याचा हात थांबला.

पुढचा शब्द ‘नाही’ होता. पण त्याचा अर्थ काय होणार? की माणूस घाबरला. की हातात चांगला चाकू होता, चार-पाच सेकंद होते आणि ते वाया गेले. त्या बाईने उरलेला जन्म हे उराशी धरून काढायचं.

तो कागद तसाच खिशात घालून घरी गेला. जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं.

“अहो, मग लिहा की होता दोष म्हणून,” ती म्हणाली. “कुणाचं बिघडणार आहे?”

“कंपनीचं.”

“कंपनीची कुणी घरी वाट बघत बसत नाही.”

“सत्तावीस वर्षं खोटं लिहिलं नाही गं.”

“म्हणूनच तर खरं वाटेल.”

तो बराच वेळ भात चिवडत राहिला. गेलेल्या माणसाच्या हाताला दोष देण्यापेक्षा चाकूला दिलेला बरा, असं शेवटी त्याने ठरवलं. साहेब सालटी काढणार होते. काढू देत. निवृत्तीला तसंही दीड वर्ष उरलं होतं.

गुरुवारी बाई वेळेआधी दहा मिनिटं येऊन बसली होती. त्याने तिला आत बोलावलं, खुर्ची दिली आणि कागद समोर ठेवला.

“स्प्रिंगमध्ये दोष होता. ऐन वेळी अडकली.”

“म्हणजे उघडलाच नसता?”

“नसता.”

“कुणीही असतं तरी?”

“कुणीही असतं तरी.” तो तिच्या नजरेला नजर देऊन बोलला. “माणसाची काही चूक नाही, बाई. एवढं मनात पक्कं ठेवा.”

तिने ओळींवरून बोट फिरवत कागद दोनदा वाचला. शिक्क्याजवळ बोट थांबलं आणि तिला रडू फुटलं. तपासनीसाने स्वतः उठून पाण्याचा पेला आणला. त्याला फार हलकं वाटत होतं. इतकी वर्षं आपण उगाचच एवढे ताठ राहिलो, असंही वाटून गेलं.

हमीच्या नियमाप्रमाणे नवा चाकू देणं भाग होतं. खोक्यासह तो त्याने खणात ठेवला होता, पण बाहेर काढायला हात होत नव्हता.

“बदली चाकू मिळतो,” तो चाचरत म्हणाला. “आता तुम्हाला त्याचा काय उपयोग म्हणा, पण...”

“नाही कसा? द्या की,” ती डोळे पुसत म्हणाली. “यांना सोमवारी कामावर लागेल. दादा गेल्यापासून हे घरातच बसून आहेत. त्याआधी वर्षभर यांचं नि दादाचं बोलणं नव्हतं ना, म्हणून मीच तोंडावर म्हटलं होतं, चाकू हातात असून माझ्या भावाला बुडू दिलंत. तुमच्याकडे यायचं म्हटल्यावर तर जेवणच सोडलं होतं यांनी.”

तिने कागदाची नीट घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

“धाकटा भाऊ कधीचा म्हणतोय, दादाच्या जागी बोटीवर मी जातो भाऊजींबरोबर. तुमचा कागद येईपर्यंत मीच त्याला थांबवून धरलं होतं.”