जास्तीत जास्त किती मुले

नऊच्या नऊ पेपरांवर उत्तर एकच होतं, बारा. आणि ते चूक होतं.

राघवेंद्र सरांनी पेपर टेबलावर ओळीने मांडले. लातुरात त्यांच्या क्लासचं नाव झालं होतं. सातवीच्या शिष्यवृत्तीत त्यांची पोरं चमकायचीच. भूकंपाला तीन वर्षं होत आली होती, आणि त्यात पडलेल्या एका गावातल्या पोरांना वर्षभर फुकट शिकवायचं सरांनी कबूल केलं होतं, राहायची सोय धरून. अट एवढीच, चाचणी पास व्हायची. कॉपी करणारं पोर मात्र दारातूनच परत. हा कायदा त्यांनी सख्ख्या पुतण्यालाही लावला होता, मग इतरांची काय कथा!

"शिवकांताबाई, हे काय आहे?"

शिवकांताबाई त्या नऊ पोरांच्या शिक्षिका. भूकंपानंतर त्यांची बदली त्या गावात झाली. औशाहून रोज एसटीने जायच्या. आधी पत्र्याच्या शेडमध्ये शिकवलं, मग नव्या शाळेत. सहावीच्या या पोरांकडून त्यांनी क्षेत्रफळाची एवढी गणितं करून घेतली होती, की पोरं येता-जाता लोकांची अंगणं मोजायची. आता बाई खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या.

गणित सोपं होतं. वसतिगृहाची खोली चोवीस फूट लांब, अठरा फूट रुंद. एका मुलाला झोपायला सहा फूट लांब, तीन फूट रुंद जागा लागते. तर खोलीत जास्तीत जास्त किती मुले झोपतील? लातूरच्या पोरांनी चुटकीसरशी चोवीस लिहिलं होतं. या नऊ जणांनी मात्र आधी लांबीतून सहा वजा केले, रुंदीतूनही सहा वजा केले, आणि मग पुढचं सगळं नीट, एकही खाडाखोड न करता सोडवून बारा काढले होते.

"चूक एखाद्याची होते," सर म्हणाले. "नऊ जणांची एकच चूक होत नसते. अन फरशा बसवायचं गणित याच पोरांनी बरोबर सोडवलंय. तीन खोल्यांत वेगवेगळं बसवलं होतं मी त्यांना. म्हणजे कॉपी इथं झालेली नाही, बाई. तुम्हीच कुठूनतरी पेपर मिळवला अन पोरांकडून घोकून घेतला. तोही चुकीचा."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मग राग आला. तो सरांवर काढता येईना, म्हणून पोरांवर निघाला. पोरं व्हरांड्यात चपला काढून उभी होती. बाईंनी उज्वलाला आत बोलावलं. उज्वला नऊ जणांत सगळ्यात हुशार, तिच्यावर बाईंचा भारी जीव. म्हणून पहिला दणका तिलाच.

"अगं कार्टे, घसा कोरडा केला मी तुमच्यापायी! मी शिकवायले काय अन तुम्ही लिहायलाव काय! हे सहा फूट कशाचे वजा केलेस? कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच न्हाई, बाई." उज्वला घाबरली नव्हती. बाई एवढ्या का चिडल्यात, हेच तिला कळत नव्हतं. "भिंतीचे हायती. तीन फूट हिकडचे, तीन तिकडचे."

"भिंतीला कशाला जागा पाहिजे?" सरांनी विचारलं.

"भिंतीपाशी कोण निजतंय, सर?"

सर बाईंकडे बघायला लागले. बाईंनाही हे नवीनच होतं. त्या पाचच्या गाडीने घरी परतायच्या. गावात रात्री कोण कुठं निजतं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

उज्वलाने सांगितलं. नवी घरं मिळाली, पण अख्खं गाव अजून अंगणातच निजतं. थंडी-पावसात आत यावं लागलं, तर अंथरुणं खोलीच्या मधोमध घालायची, चारी बाजूंनी तीन फूट सोडून. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण घरोघरी तसंच. भूकंप झाला त्या पहाटे भिंतीकडेला निजलेलं कुणी उठलं नाही.

"मग फरशांच्या गणितात का नाही सोडले तीन फूट?"

"फरशीला काय होतंय, सर?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरही चांगलेच ओशाळले. त्यांनी बाईंची माफी मागितली, तीही पोरीसमोर, आणि हे काही रोज घडणारं नव्हतं. पण काही झालं तरी सर गणिताचे मास्तर. चुकीचं उत्तर ते कागदावर राहू देतील तर शपथ!

"घेतो तुम्हा सगळ्यांना," ते म्हणाले. "पण परीक्षेत हे चालत नसतं, बेटा. तिथं भिंतीपर्यंतच मोजायचं. बोलव सगळ्यांना. जो उत्तर दुरुस्त करेल, त्याचं नाव पक्कं. अन नुसता आकडा नको, पूर्ण वाक्य पाहिजे."

आठ जणांनी बारा खोडून चोवीस केले. उज्वला मात्र पेन हातात धरून बसून राहिली.

"लिही गं माय," बाई हळूच म्हणाल्या. "एवढ्यापायी वर्ष घालवू नकोस."

मग तिनेही लिहिलं, बाईंनी शिकवलं होतं तसं, सुवाच्य अक्षरात:

'उत्तर : खोलीत २४ मुले झोपतील. त्यांतली १२ सकाळी उठतील.'