दोन दिवसांची पुडी

“चार औषधं लावून बघितली, बाबा. त्यातली तीन या जंतूंना काहीच करत नाहीत.” लेकीने प्रयोगशाळेचा कागद वडिलांपुढे धरला.

म्हातारे डॉक्टर चष्मा पुसत राहिले. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर ते तीन दिवस बसून होते. आत त्यांच्या दवाखान्यात नेहमी येणारी सहा वर्षांची पोरगी होती. मेंदूच्या आवरणाला जंतूंमुळे सूज आली होती. बुधवारी तिची मान पुढे वाकेना, तेव्हा त्यांनीच दवाखाना उघडा टाकून मायलेकींना रिक्षात घातलं होतं आणि आपली डॉक्टर लेक नोकरी करते त्या हॉस्पिटलात आणलं होतं.

“आपण देतोय तेसुद्धा त्या तिनांतलंच निघालं,” लेक म्हणाली. “आता चौथं सुरू करते. पण तीन दिवस हातचे गेले.”

मग ती पोरीच्या आईकडे वळली. “ताई, या वर्षात हिला कुठली औषधं दिलीत?”

आई कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करायची. तिने पिशवीतून पुड्यांचे रिकामे कागद काढले. नीट घडी घातलेले. प्रत्येकावर औषधाचं नाव आणि ‘सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी’.

“जपून ठेवते मी. मागचीच द्या म्हणायला बरं पडतं. सर्दी, खोकला, एकदा पोट बिघडलं तेव्हा. इतर डॉक्टर आठवडा आठवडा लावतात हो. यांची पुडी दोन दिवसांची. आज घ्या, उद्या पोरगी शाळेत नि मी कामावर.”

लेकीने कागद मोजले. नऊ होते. नावं त्याच तीन औषधांची. अक्षर तिला ओळखीचं होतं. त्याच अक्षराने तिची पाढ्यांची वही भरली होती. तिने वडिलांना खिडकीपाशी नेलं.

“साध्या सर्दीला, बाबा? आणि दोनच दिवस?”

“त्यांना रजा मिळत नाही गं. ताप उतरला की गोळ्या तशाही बंद करतात.”

“ते किती दिवस घेतात ते सोडा. तुम्ही का देता ते विचारतेय.”

ही औषधं अशी उधळली तर एक दिवस जंतूंपुढे बोथट होतील, हे डॉक्टरांनी वैद्यकाच्या मासिकांत कितीदा वाचलं होतं. लाल पेन्सिलीने अधोरेखितही केलं होतं. पण समोर बसलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

“पोरीच्या आईला आत्ता काही बोलू नकोस,” ते म्हणाले. “मीच सांगेन.”

चौथं औषध लागू पडलं. ताप उतरला. नवव्या दिवशी पोरगी उठून बसली आणि खिडकीबाहेर बघू लागली. आईने मागून हाक मारली. पोरीने वळून पाहिलं नाही. आईने पुन्हा हाक मारली, मग टाळी वाजवली. लेकीने दोन्ही कान तपासले. त्या सुजेने दोन्ही गेले होते.

घरी सोडल्यावर चौथ्या दिवशी मायलेकी दवाखान्यात आल्या. पोरगी आईचं बोट धरून होती.

“कान गेले, पण जीव वाचला,” आई म्हणाली. “तुम्ही तसेच उठून निघालात म्हणून. तुमच्या हाताला गुण आहे.”

सांगायचं वाक्य डॉक्टरांनी मनात कितीदा तरी घोटलं होतं. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात आईला दोन शिंका आल्या.

“मलाही एक पुडी द्या हो. उद्या गेले नाही, तर माझं मशीन दुसरीला देतील.”

डॉक्टरांनी सवयीने पुड्यांचा खण उघडला. मग तो हळूच आत लोटला.

“पुडी नाही. साधी सर्दी आहे. आपोआप जाईल.”

डॉक्टर थट्टा करताहेत असं वाटून ती आधी हसली. मग तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, बंद खणाकडे पाहिलं. पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून, जुन्या सवयीने, आवाज अगदी खाली आणून तिने विचारलं,

“डॉक्टर, आमचं काही चुकलं का?”