तीन वेळा बिनचूक

“तास राहू द्या, बटणं किती आहेत ते सांगा,” काटेसाहेब म्हणाले.

दुकानदाराने काउंटरवर तीन रेकॉर्डर मांडले होते. एकात म्हणे हजार तासांचे कार्यक्रम मावत होते, दुसरा एकाच वेळी चार चॅनेल रेकॉर्ड करत होता. काटेसाहेबांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांनी एकेक रिमोट हातात घेऊन बटणं मोजली आणि चव्वेचाळीस बटणांचा रिमोट परत सरकवला.

“मला काय विमान उडवायचंय? बायकोला एकटीला जमेल असा द्या.”

“एकटीला कशाला? तुम्ही आहात की लावून द्यायला.”

“पंधरा दिवस आहे. मग हृदयाचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, वाचायची शक्यता निम्मी-निम्मी.”

दुकानदाराने तिन्ही रेकॉर्डर बाजूला सारले. मग आत जाऊन त्याने चौथा रेकॉर्डर आणला. साधाच, पण दोन चॅनेल एकदम घेणारा. बटणं अकरा. काटेसाहेबांनी तो तिथेच लावायला लावला आणि तीनदा चालवून पाहिला.

काटेसाहेब हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्यांनी तीस वर्षं काढली, तेव्हा व्यापाऱ्यांनी ठेवलेलं हे नाव. त्यांची एक पद्धत होती. काटा तीन वेळा तपासायचा, तिन्ही वेळा बिनचूक निघाला तरच शिक्का. तिसऱ्यांदा जरा जरी इकडेतिकडे झालं, की पुन्हा पहिल्यापासून. आणि काम अर्धवट टाकून त्यांनी कधी गाव सोडलं नाही. त्यापायी सख्ख्या मेहुणीच्या लग्नाला ते जेवणं आटोपल्यावर पोचले होते. बायको हे अजून ऐकवायची.

बायको संध्याकाळी पुढच्या खोलीत शिवणाचा क्लास घ्यायची. तिची मालिका नेमकी त्याच वेळेला. म्हणून गेली कित्येक वर्षं काटेसाहेब ती रेकॉर्ड करून ठेवत आणि जेवताना दोघं पाहत. जुना रेकॉर्डर बंद पडला तो नेमका आत्ता.

बाकीची आवराआवर त्यांनी केली होती. कागद लावून झाले, किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधून झाल्या, गळका नळ बदलून झाला. चांगला कोट त्यांनी शेजाऱ्यांना देऊन टाकला, तेव्हा लेक स्वयंपाकघरात जाऊन रडली. ती ऑपरेशनसाठी म्हणून राहायला आली होती. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “हृदय आम्ही दुरुस्त करू. पण उठायचं त्यांच्या मनात हवं. तुमचे वडील सामान बांधून बसल्यासारखे बोलतात.”

राहिला होता फक्त रेकॉर्डर.

“ही यादी. हा कार्यक्रम. हे लाल बटण. संपलं. कर बघू.”

बायकोने केलं. बरोबर.

“पुन्हा.”

पुन्हा बरोबर.

“आता शेवटचं.”

तिने काहीतरी दाबलं आणि शेअरबाजाराच्या बातम्या रेकॉर्ड होऊ लागल्या.

“मला मेलीला नाही जमायचं हो,” ती म्हणाली.

“जमेल. न जमायला काय झालं? पुन्हा पहिल्यापासून.”

दुसऱ्या दिवशी तेच. दोनदा ठीक, तिसऱ्यांदा गाडी घसरली. काटेसाहेबांनी बटणांवर आकडे चिकटवले, मोठ्या अक्षरात कागद लिहून भिंतीला लावला. चौथ्या दिवशी तिने आदल्या दिवशीचा भागच पुसून टाकला. काटेसाहेबांचा आवाज चढला. बायको मान खाली घालून ऐकत राहिली.

“बाबा, सोडा ना आता,” लेक म्हणाली. “मी लावून देत जाईन.”

“तू काय जन्मभर इथे राहणार आहेस? हिचं हिला आलंच पाहिजे. आल्याशिवाय मी सोडत नाही.”

पंधरा दिवस सरले. शिक्का काही बसला नाही.

ऑपरेशनच्या दिवशी त्यांना चाकाच्या खाटेवरून आत नेत होते. बायको हात धरून बरोबर चालत होती. लेकीला वाटलं, आता ही दोघं काहीतरी बोलतील.

“लाल बटण कधी दाबायचं?” काटेसाहेबांनी विचारलं.

बायको घुटमळली. “कार्यक्रम निवडायच्या... आधी ना?”

काटेसाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. “घरी आलो की पुन्हा पहिल्यापासून! अहो सिस्टर, चला लवकर, इथेच काय उभ्या?”

लेकीला आईचा असा राग आला, की ते पाच तास ती तिच्याशी धड बोललीसुद्धा नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. तिसऱ्या दिवशी काटेसाहेबांना बोलायची परवानगी मिळाली, तेव्हा त्यांनी आधी विचारलं, “मालिका?”

“कसली मालिका? लावायला गेले नि होतं तेही पुसलं गेलं.”

काटेसाहेब डॉक्टरांकडे वळले. आवाज बारीक होता, पण सूर बाजारातलाच. “घरी कधी सोडताय? माझं एक काम अर्धवट पडलंय.”

डॉक्टर खूश झाले. असे पेशंट भराभर उठतात, म्हणाले.

त्या संध्याकाळी मायलेकी घरी आल्या. लेकीने दमून सोफ्यावर अंग टाकलं आणि रिमोटकडे हात नेला. “आण, मी लावते तुझी मालिका.”

“तू पड,” आई म्हणाली आणि रिमोट तिने स्वतःकडे घेतला. खिचडी टाकू की पोळ्या करू, असं विचारता विचारताच तिने आठवडाभराची मालिका लावली, त्याच वेळी दुसऱ्या चॅनेलवर लागणाऱ्या काटेसाहेबांच्या आवडीच्या कुस्त्या लावल्या आणि शेअरबाजाराच्या बातम्या तेवढ्या पुसून टाकल्या.

लेक उठून बसली. “आई! तुला येतं?”

“हळू बोल,” आई म्हणाली. “डॉक्टर म्हणालेत, अजून सहा महिने जपायला हवं. तोवर नाही येत मला.”