मैथिलीचं औषध

"राजीनामा देऊन आलो," दारातच चपला काढत विश्राम म्हणाला.

तांदूळ निवडता निवडता अहल्येचा हात थांबला. "नंदेसरीच्या औषध कारखान्यातली नोकरी सोडलीत? अहो, पण का?"

"ज्या औषधानं आपली मैथिली वाचली नाही, ते बनवायला रोज जाऊ?"

मैथिलीला जाऊन महिना होत आला होता. टायफॉइड झाला होता. कॅप्सूल विश्रामनेच आणल्या, आणि आणल्या त्याही मोठ्या तोऱ्यात, कारण आतली पावडर त्याच्याच कारखान्यात बनायची. नागरवाड्यात कुणालाही ताप आला की हा गृहस्थ डॉक्टरांच्या आधी बोलायचा, "कोर्स पुरा करा हं, मध्येच सोडू नका."

मैथिलीचा ताप झपाट्याने उतरला. पोर लंगडी खेळू लागली. विश्रामने आळीभर पेढे वाटले. मग ताप उलटला, आतडं फुटलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं.

"लॅबोरेटरीतल्या तुकोजीरावांनी ती पावडर तपासली ना? चांगली निघाली म्हणाले," अहल्या हळूच म्हणाली.

"तुकोजी म्हणजे कारखान्याच्या शेठचाच माणूस. तो दुसरं काय बोलणार? तूच सांग, वेळेवर देत होतीस ना?"

"देत होते. उठवून देत होते."

"मग? भेसळच होती. आणि ती मी माझ्या हातानं घरात आणली." विश्राम भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडू लागला. त्याला जवळ घ्यावं असं अहल्येला फार वाटलं, पण तिच्याच्याने उठवेना.

तेवढ्यात शेजारच्या नलिनीची शर्वरी वाटी घेऊन आली. "काकू, मम्मीनं दही लावायला मेळवण मागितलंय."

विश्रामने तिला जवळ ओढलं, तिच्या केसांवरून हात फिरवला.

"हिलाही तेव्हा तोच ताप आला होता. दोघींनी लारीवाल्याच्या एकाच हातगाडीवरचा बरफगोळा खाल्ला होता. नलिनीबेननं नुसता देवीचा अंगारा लावला. आमचं औषध पोटात गेलं नाही, म्हणून वाचली बघ पोर."

अहल्येने वाटीत चमचाभर दही घातलं आणि शर्वरीला घरी पाठवलं. मैथिलीचा ताप उतरल्यावर, आता हिला कशाला हव्यात, असं म्हणत उरलेल्या सगळ्या कॅप्सूल तिनेच तापलेल्या शर्वरीसाठी नलिनीच्या हातात ठेवल्या होत्या, आणि यांना कळू देऊ नकोस म्हणून बजावलंही होतं.