वाळूतली हाळी

सोनबाआबांची चंद्री घोडी गाभण होती, आज-उद्या व्यायची. तरी रोज दुपारी ती बांधल्या जागी घामानं निथळायची आणि तिच्या खुरांत पिवळी वाळू निघायची. अंथुर्ण्याच्या काळ्या रानात असली वाळू कुठली? कुणीतरी तिला चोरून दामटतंय, हा आबांचा संशय.

"मीच जाती की, तिच्यावर बसून बाजाराला," सून रोहिणी म्हणाली आणि तिनं टीव्ही लावला.

आज आबा उंबऱ्यातच बसले, घोडीचं दावं मनगटाला गुंडाळून. टीव्हीवर आठवडाभर रोज दुपारी तोच जुना लढाईचा सिनेमा चालला होता. वाळवंट, घोडेस्वारांची पलटण, सगळ्यांच्या तोंडी इंग्रजी. घोडं मेलेला एक शिपाई मागं एकटाच पाय ओढत होता. तो थांबला, वळला आणि त्यानं हाळी दिली, "चुरुरू, ये गं बाय."

मेंढरांमागं हिंडताना आबांच्या घरातली माणसं घोडीला अशीच हाळी देत. दुसरं कुणी न्हाय.

"आबा, तुमी बोलला व्हय?" रोहिणीनं दबकत विचारलं.

मनगटावरचं दावं ताणलं. चंद्री पोट सावरत उंबरा चढली आणि आबांना ओलांडून टीव्हीकडं निघाली.

पडद्यावरच्या शिपायानं दावं धरायला हात पुढं केला.